औषधाच्या दुकानातून इब्न सीनाकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या तालुक्याच्या गावात एका हकीमसाहेबांचा दवाखाना होता. लाकडी फळ्यांवर चिनी मातीच्या बरण्या, पितळी खलबत्ता, आणि भिंतीवर चौकटीत लावलेलं एका दाढीवाल्या पुरुषाचं चित्र. चित्राखाली उर्दूत नाव होतं: शेख बू अली सीना. अम्मीचा हात धरून खोकल्याचं औषध आणायला जायचो तेव्हा मला वाटायचं, हे हकीमसाहेबांचे आजोबा असावेत.

त्याच वयात मगरिबनंतर मशिदीत अरबी वाचायला बसायचो. मांडी घालून, डोलत, मोठ्या आवाजात. कुराण शरीफ वाचून पूर्ण झालं त्या दिवशी अब्बांनी गल्लीभर मिठाई वाटली. पण त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं, 'बाळा, आत्ता वाचलीस त्या ओळीचा अर्थ काय?' तर मी मान खाली घातली असती. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळेत मराठी शिकलो, कविता सुचली तीही मराठीत. अरबी माझ्या जिभेवर होती, डोक्यात नव्हती. ही कबुली आज रेडिओवरून देतो आहे, कारण ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे त्याच्याबद्दल ती दिल्याशिवाय बोलता येणार नाही.

पुष्कळ वर्षांनी भिंतीवरच्या त्या चित्रावर एक कविता लिहायला घेतली. हे बू अली सीना, म्हणजे इब्न सीना, कोण होते हे तरी नीट कळावं म्हणून ग्रंथालयात जाऊन एक जाडजूड पुस्तक काढलं. त्याच्या तळटिपांमध्ये एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं: अनवाती, कैरो, १९५०. इब्न सीनाचे ग्रंथ किती, कुठले, त्यांची हस्तलिखितं कुठं आहेत, असा प्रश्न आला की 'पाहा : अनवाती'. मी समजलो, हे अल-अझहरमधले कुणी मौलाना असणार. पुढं शोध घेतला तेव्हा कळलं की हे नाव एका कॅथलिक धर्मगुरूचं आहे. फादर जॉर्ज शहाता अनवाती, डॉमिनिकन संघाचे संन्यासी.

खरं सांगतो, पहिल्यांदा थोडं टोचलं. आमच्या हकीमसाहेबांच्या भिंतीवरच्या माणसाचे ग्रंथ एका पाद्र्यानं मोजावेत? आणि मी, ज्याच्या घरी मिठाई वाटली गेली, त्याला त्यातलं एक वाक्य कळू नये?

अनवातींचा जन्म १९०५ सालचा, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातला. घराणं मूळचं सीरियातलं, ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचं. आडनाव लिहिताना 'कनवाती' असं लिहितात, पण त्या भागातल्या बोलीत 'क' गळतो आणि ऐकू येतं 'अनवाती'. त्यात मूळ शब्द आहे 'कनात', म्हणजे पाण्याचा पाट. अरबी ही या कुटुंबाची भाषा. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की अरब म्हणजे मुसलमान. पण इजिप्त, सीरिया, लेबनॉनमधले लाखो ख्रिस्ती अरबी बोलतात आणि प्रार्थनेत देवाला 'अल्लाह' म्हणतात. मी मराठीत कविता वाचून खाली उतरलो की कुणीतरी हमखास म्हणतं, 'तुम्ही मुसलमान असून मराठी छान बोलता!' म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून मी हसतो. एखाद्या अरब ख्रिस्त्याला कुणी 'तुम्ही ख्रिस्ती असून अरबी छान बोलता' म्हटलं, तर तोही बहुधा असाच हसत असेल.

किशोरवयातच अनवाती कॅथलिक झाले. पण लगेच मठात गेले नाहीत. बैरूतला औषधशास्त्र शिकले, नंतर फ्रान्समध्ये लियों इथं औद्योगिक रसायनशास्त्र शिकले, आणि अलेक्झांड्रियाला परत येऊन त्यांनी औषधांचा व्यवसाय केला. दिवसा तराजू आणि बाटल्या, आणि उरलेल्या वेळात तत्त्वज्ञानाची पुस्तकं. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ यांच्या लेखनानं त्यांना ओढून घेतलं. युसुफ करम नावाचे इजिप्शियन ख्रिस्ती तत्त्वज्ञ त्यांचे मित्र आणि वाटाडे झाले. शेवटी १९३४ साली, एकोणतिसाव्या वर्षी, चालता व्यवसाय सोडून ते डॉमिनिकन संघात दाखल झाले. १९३९ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

डॉमिनिकन संघ हा कॅथलिकांमधला विद्याव्यासंगी संघ. तेराव्या शतकातले थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस याच संघाचे. त्यांचे ग्रंथ उघडले की पानोपानी दोन नावं भेटतात : अविसेन्ना आणि अवेरोज. हे दुसरे तिसरे कुणी नसून आपले इब्न सीना आणि इब्न रुश्द, नावांना लॅटिन पेहराव चढवलेले. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो शहरात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली. मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांच्या माणसांच्या विद्येवर ती उभी होती. त्या वाटेनं बुखाराजवळ जन्मलेला एक मुसलमान वैद्य पॅरिसच्या वर्गात पोचला.

अनवातींचे गुरू फादर शेन्यू यांनी हे जाणलं होतं. मध्ययुगातलं ख्रिस्ती तत्त्वज्ञान समजायचं असेल तर अरबी तत्त्वज्ञान मुळातून वाचलं पाहिजे, आणि ते काम ज्याला ही भाषा घरातून मिळाली आहे त्यानंच करावं. महायुद्धाच्या काळात अनवाती अल्जियर्सच्या विद्यापीठात अरबी आणि इस्लामी विद्यांचा अभ्यास करत होते. १९४४ मध्ये ते कैरोला आले ते कायमचे.

कैरोच्या अब्बासिया भागात डॉमिनिकनांचा मठ १९२८ पासून होता. तिथून अल-अझहर फार लांब नाही. अनवाती, जाक जोमिये आणि सेर्ज द बोर्कय अशा तिघा संन्याशांनी तिथं इस्लामी विद्येचा अभ्यास सुरू केला, आणि १९५३ मध्ये त्याची रीतसर संस्था झाली. कुणाला ख्रिस्ती करण्यासाठी हा अभ्यास नव्हता. तिघांनी कामं कशी वाटून घेतली पाहा. जोमिये यांनी कुराणाच्या आधुनिक भाष्यांवर काम केलं. बोर्कय यांनी हेरातचे सूफी अन्सारी अभ्यासले, आणि पुढं ते काबूलला जाऊन निराधार मुलांना घरात घेऊन राहिले. अनवातींनी तत्त्वज्ञान घेतलं.

आता त्या तळटिपेकडे येतो. हिजरी सनाप्रमाणे इब्न सीनाची सहस्राब्दी जवळ आली तेव्हा अरब लीगच्या सांस्कृतिक विभागानं अनवातींवर एक काम सोपवलं : इब्न सीनाच्या सर्व ग्रंथांची सूची करायची. ऐकायला कारकुनी काम वाटतं. पण हजार वर्षांत एकाच पुस्तकाला चार नावं पडलेली असतात. दुसऱ्याच कुणाचं पुस्तक मोठ्या माणसाच्या नावावर खपवलेलं असतं. कुठं पहिलं पान फाटलेलं, कुठं नक्कल करणाऱ्यानं मधलीच ओळ गाळलेली. अनवाती इस्तंबूलच्या ग्रंथालयांत गेले आणि हस्तलिखितं एकेक करून पाहिली. १९५० मध्ये सूची छापून आली तेव्हा तिच्यात २७६ नोंदी होत्या. शंकास्पद ग्रंथ शंकास्पद म्हणूनच नोंदलेले. मला यात तो जुना औषधवाला दिसतो. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी पाहिजे, आणि आत काय आहे याची खात्री नसेल तर चिठ्ठीवर तसंही लिहिलं पाहिजे.

इब्न सीनाचे दोन मोठे ग्रंथ. एकाचं नाव 'कानून', दुसऱ्याचं 'शिफा'. शिफा म्हणजे आजारातून बरं होणं. आपल्याला वाटेल की शिफा हा वैद्यकाचा ग्रंथ. पण वैद्यकाचा ग्रंथ आहे तो 'कानून'. 'शिफा' आहे तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान, गणित आणि अध्यात्मविद्या यांचा. शरीराच्या दुखण्याला नियम लागतात, आणि अज्ञानाच्या दुखण्याला औषध, असं त्या वैद्याला वाटलं असावं. गोळ्या-पुड्या सोडून तत्त्वज्ञानाकडे आलेल्या अनवातींना हाच ग्रंथ जन्मभर पुरला.

इजिप्तमध्ये 'शिफा'ची शुद्ध, चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरलं. प्रसिद्ध अंध लेखक ताहा हुसेन तेव्हा शिक्षणमंत्री होते. इब्राहीम मदकूर यांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं. पहिला खंड १९५२ मध्ये निघाला आणि शेवटचे खंड निघेपर्यंत १९८३ साल उजाडलं. संपादकांमध्ये मुसलमान विद्वानांच्या बरोबरीनं हे फादर. अध्यात्मविद्येच्या भागाचा पहिला खंड १९६० मध्ये अनवाती आणि सईद झायेद या दोघांच्या नावानं छापला गेला. समोर अनेक हस्तलिखितं ठेवायची, एका शब्दावर थांबायचं, कुठला पाठ खरा यावर वाद घालायचा, आणि बाकीचे पाठ तळाशी प्रामाणिकपणे नोंदवायचे. अशी वर्षं सरली. पुढं अनवातींनी हाच भाग फ्रेंचमध्ये आणला. त्याचे खंड १९७८ आणि १९८५ मध्ये आले. दुसरा खंड आला तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

त्या ग्रंथात आहे तरी काय, असं तुम्ही विचाराल. एकच गोष्ट माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो. घोडा म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. चार पाय, आयाळ, खिंकाळणं. पण घोडा म्हणजे काय हे कळलं म्हणून आत्ता अंगणात घोडा आहे की नाही ते कळत नाही. वस्तू 'काय आहे' हा एक प्रश्न, आणि 'ती आहे का' हा दुसरा. जगातल्या कुठल्याच वस्तूच्या 'काय'मध्ये तिचं 'असणं' बांधलेलं नाही. ते तिला दुसरीकडून मिळतं. असणं उसनं घेणाऱ्या या साऱ्या वस्तूंच्या मुळाशी मग असं काही हवं की ज्याचं असणं कुणाकडून आलेलं नाही. इब्न सीना त्याला 'अनिवार्यपणे असणारा' म्हणतात. मुसलमान वैद्यानं मांडलेला हा विचार ख्रिस्ती संत थॉमसनं उचलला, तपासला, काही ठिकाणी खोडला आणि पुढं नेला. खोडला हेही महत्त्वाचं. वाचल्याशिवाय माणूस नीट खोडतसुद्धा नाही.

आणि ही देवघेव एकाच दिशेची नव्हती. नवव्या शतकात बगदादला ग्रीक ग्रंथ अरबीत आणणारे हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होते. इब्न सीनाच्या आधीचे मोठे मुसलमान तत्त्वज्ञ अल-फाराबी. त्यांच्या गुरूंमध्ये ख्रिस्ती होते आणि शिष्यांमध्ये याह्या इब्न अदी हे ख्रिस्ती होते. ज्यूंचे थोर तत्त्वज्ञ मैमोनिदीस यांनी आपला मुख्य तत्त्वग्रंथ लिहिला तो अरबीत. इब्न सीना स्वतः अरब नव्हते. म्हणजे अनवाती परक्याच्या घरात शिरले नव्हते. त्या वाड्यात त्यांच्या पूर्वजांचीही एक खोली होती, बरीच वर्षं कुलूप लागलेली.

अनवातींचा काळ सोपा नव्हता. १९५६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला. फ्रेंच धर्मगुरूंनी उभ्या केलेल्या मठाकडे त्या दिवसांत लोक कोणत्या नजरेनं पाहत असतील याची कल्पना करा. अनवाती इजिप्शियन होते, तिथंच जन्मलेले. ते राहिले आणि काम चालू राहिलं.

मग रोममध्ये दुसरी व्हॅटिकन धर्मपरिषद भरली, १९६२ ते १९६५. इतर धर्मांविषयी चर्चनं काय म्हणावं हा प्रश्न तिथं आला. सुरुवातीला मसुदा ज्यूंपुरता होता. पश्चिम आशियातल्या बिशपांनी म्हटलं, मुसलमानांबद्दलही बोललं पाहिजे. ज्या जाणकारांचा सल्ला कामी आला त्यांत अनवाती होते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी हे घोषणापत्र २२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर झालं. चर्च मुसलमानांकडे आदरानं पाहतं, ते एका देवाची उपासना करतात, येशूला पैगंबर मानतात, मरियमला मान देतात, नमाज, दान आणि रोजे पाळतात, असं त्यात नोंदवलं. भूतकाळातली वैरं मागं टाकून एकमेकांना समजून घ्यावं, असंही आवाहन केलं. शतकानुशतकांच्या लढायांनंतर हे शब्द कागदावर आले.

पण मला तितकंच महत्त्वाचं वाटतं ते त्या कागदात जे नाही ते. त्यात हजरत मुहम्मद पैगंबरांविषयी एक शब्द नाही. कुराणाविषयीही नाही. माझ्यासारख्याला हे खटकतं, आणि खटकावं. अनवातींना ही मर्यादा दिसत होती. ते आपल्या श्रद्धेचे पक्के होते. मुसलमानांना बरं वाटावं म्हणून त्यांनी आपल्या धर्मातलं काही पातळ केलं नाही, आणि ख्रिस्त्यांना बरं वाटावं म्हणून इस्लामचं काही विद्रूप केलं नाही. दोन धर्मांतली मूळ सिद्धांतांची दरी भाषणांनी बुजत नाही हे त्यांना ठाऊक होतं. या कामाला भूगर्भातल्या खडकांना लागतो तेवढा धीर लागतो, अशा अर्थाचं ते म्हणत. तोवर काय करायचं? तर एकत्र बसून एखादं हस्तलिखित वाचायचं.

श्रोतेहो, १९९३ च्या सुरुवातीला मी बी.ए.च्या वर्गात होतो. डिसेंबरात अयोध्येत मशीद पडली होती, मुंबई जळून गेली होती, आणि आमच्या गावात सद्भावना सभा भरली. मीही कविता वाचली. व्यासपीठावर सगळ्या धर्मांचे लोक होते. सगळे म्हणाले, सगळे धर्म एकच सांगतात. टाळ्या झाल्या. खाली आल्यावर माझ्याच वर्गातला, बाकावर शेजारी बसणारा मित्र म्हणाला, 'सगळे एकच सांगतात, पण तुमचा नेमका काय सांगतो रे?' त्यानं मनापासून विचारलं होतं. मला सांगता आलं नाही. मग मी त्याला विचारलं, 'आणि तुमची गीता?' तोही गप्प झाला. दोघंही चहा प्यायलो आणि घरी गेलो. त्या सभेतलं एकही भाषण आज मला आठवत नाही. ते गप्प बसणं मात्र आठवतं.

अनवातींचं आयुष्य वाचताना त्या चहाची आठवण येत होती. आपल्याकडे आदर फार स्वस्त आहे. हार घालतो, शाल देतो, 'सर्वधर्मसमभाव' म्हणतो आणि मोकळे होतो. दुसऱ्याच्या ग्रंथाचं एक पान समजून घ्यायला जो वेळ लागतो तो आपण देत नाही. स्वतःच्या ग्रंथालाही देत नाही. आदर हा त्या माणसासाठी कष्टाचा भाग होता. इस्तंबूलमधली फाटकी पानं, पाठभेदांच्या तळटिपा, चाळीस वर्षं. बोलायला सोपा शब्द त्यांनी मेहनतीनं महाग केला.

तसं पाहिलं तर हे आपल्या मातीलाही नवं नाही. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी शिकून ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. या सगळ्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण 'क्रिस्तपुराण' किंवा 'योगसंग्राम' उघडून पाहिलेले आपल्यात किती? मी हात वर करत नाही. मीही अलीकडेच उघडलं.

अनवाती २८ जानेवारी १९९४ रोजी कैरोत वारले, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन. त्यांच्या अब्बासियाच्या मठातलं ग्रंथालय आज दीड लाखांहून जास्त ग्रंथांचं आहे. इजिप्तमधले विद्यार्थी, अल-अझहरचे तरुणसुद्धा, आपल्याच परंपरेतले जुने ग्रंथ पाहायला तिथं जातात. ख्रिस्ती संन्याशांनी सांभाळलेल्या कपाटातून एखादा मुसलमान मुलगा इब्न सीना काढतो आणि खिडकीजवळ जाऊन बसतो. पाट असाच वाहत राहतो.

आमच्या हकीमसाहेबांचा दवाखाना आता नाही. तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चित्र कुठं गेलं, कुणाला माहीत नाही. माझी कविताही अजून पुरी झालेली नाही. पण पन्नाशी ओलांडल्यावर मी अरबीचं व्याकरण शिकायला घेतलं आहे. एक निवृत्त मौलवीसाहेब आठवड्यातून दोनदा शिकवतात आणि माझ्या चुकांना लहान मुलाच्या चुकांना हसावं तसं हसतात. गेल्या महिन्यात अल-फातिहाच्या सात ओळी मी पहिल्यांदा शब्द फोडून, प्रत्येक शब्दाचं रूप ओळखत वाचल्या. पाचव्या वर्षापासून रोज म्हणत आलेल्या ओळी. वाचून झाल्यावर मला बराच वेळ उठावंसं वाटलं नाही.

मग कॉलेजमधल्या त्या मित्राला फोन केला. म्हटलं, 'तू १९९३ साली एक प्रश्न विचारला होतास. थोडंसं उत्तर तयार आहे. चहाला ये, आणि येताना गीता घेऊन ये.'